विद्यार्थ्यांचीं बोलकीं साधनें व घरचें कर्तव्य

सन २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरची गोष्ट. आम्ही वैजापुरास आमच्या थोरल्या भगिनीच्या घरीं आठ दिवसांसाठीं गेलों होतों. रोटेगांव स्टेशनावर उतरून घरीं पोहोंचावें, भगिनीचे सासरे तात्या यांनीं ओसरीवरूनच "या, या" म्हणून स्वागत करावें, आणि आंतून चहा यावा, हा तेथील नेहमींचा क्रम. त्या दिवशीं मात्र घरांतील अकराहि माणसांचें लक्ष एकाच गोष्टीकडे लागलेलें होतें. आमची भाची दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली होती, आणि तिचा अकरावीचा अर्ज भरावयाचा होता.

हें काम पूर्वीं किती सोपें होतें! गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयांत जावें, छापील अर्ज भरून खिडकींत द्यावा, आणि फी भरून घरीं यावें. संगणकाच्या जाळ्यावरून केंद्रीय पद्धतीनें प्रवेश देण्याची रीत मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. २०२५ पासून ती साऱ्या महाराष्ट्रास लागू झाली, आणि वैजापूरच्या मुलांसहि त्याच एका दारानें आंत जाणें भाग पडलें. २१ मे रोजीं तें दार उघडलें, तों तांत्रिक अडचणींमुळें लगेच अडलें. तें पुन्हां सुरू झालें २६ मे रोजीं. मधल्या दिवसांत गांवोगांवच्या पालकांचा जीव टांगणीस लागला होता.

आमच्या भाचीच्या थोरल्या काकांनीं अधिक वाट न पाहतां बाजारपेठेंतील एका दुकानांत तिला नेलें व तेथें अर्ज भरून घेतला. दुकानांत रांग मोठी. काम झटपट व्हावें म्हणून दुकानदारानें मोबाइल नंबरच्या रकान्यांत स्वतःचाच नंबर घातला, पासवर्ड स्वतःच ठरविला, आणि पावतीच्या पाठीवर तो पेनानें लिहून दिला. काका समाधानानें घरीं आले. तात्यांनीं देवापुढें साखर ठेवली. भाची मात्र गप्प होती. परीक्षेचा शीण असेल, असें म्हणून कोणी तिकडे लक्ष दिलें नाहीं.

चवथ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही ओसरीवर एकटेच बसलों असतां ती जवळ येऊन म्हणाली, "मामा, रागावणार नसाल तर एक सांगूं का? अर्जावर नंबर आपल्या घरचा नाहीं. यादी लागली कीं निरोप दुकानांत जाईल."

"अग, मग हें त्याच दिवशीं कां बोलली नाहींस?"

ती खालीं पाहून म्हणाली, "गेल्या वर्षीं मीं सांगितलें, तेव्हां मोबाइल कपाटांत गेला होता."

तें प्रकरण आम्हांस मागाहून कळलें. नववींत असतांना ती मैत्रिणींबरोबर प्रश्नमंजूषा खेळण्याच्या एका गटांत होती. तेथें कोणा अनोळखी मुलानें तिच्याशीं बोलणें सुरू केलें आणि पुढें तिचें छायाचित्र मागितलें. मुलगी शहाणी, तिनें तें न देतां आईस सांगितलें. घरांत मोठी चर्चा झाली, आणि चर्चेचा निकाल असा लागला कीं मोबाइल दोन महिने कपाटांत बंद! त्याबरोबर तिचे गणिताचे पाठहि बंद झाले. अपराध परक्याचा आणि शिक्षा घरच्या मुलीस. त्यांतून ती काय शिकली? घरीं सांगूं नये, एवढेंच ती शिकली.

ही चूक केवढ्यास पडली असती, तें वाचकांनीं पाहावें. या प्रवेशपद्धतींत विद्यार्थ्यानें जास्तींत जास्त दहा महाविद्यालयें पसंतीच्या क्रमानें द्यावयाचीं असतात. पहिल्या पसंतीचें महाविद्यालय मिळालें तर तेथें प्रवेश घेणें बंधनकारक असतें; मुदतींत तो न घेतल्यास विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांस मुकतो. म्हणजे ज्याच्या हातीं पासवर्ड, त्याच्या हातीं तो क्रम. आणि ज्याच्या हातीं मोबाइल, त्याच्या हातीं मुदतीची सूचना. मुलीच्या एका वर्षाची किल्ली परक्या खिशांत पडली होती. दुकानदार सज्जन होता, हें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या दिवशीं आम्ही गेलों तेव्हां तो ओशाळला, त्यानें आपण होऊन पासवर्ड बदलूं दिला, आणि नंबराच्या दुरुस्तीसाठीं दोन हेलपाटे आम्हीं घातले. त्याच्या मनांत कांहीं काळें नव्हतें. परंतु किल्ली सज्जनाकडे असली तरी ती आपल्याकडे नाहीं, ही गोष्ट उरतेच.

त्या दिवसापासून आम्हीं या विषयाचा थोडा अधिक विचार केला. पुस्तक आपण वाचतों. पुस्तक आपणांस कांहीं विचारीत नाहीं. विद्यार्थ्यांच्या हातीं आज जीं साधनें आहेत तीं मात्र बोलकीं आहेत. गूगल फॉर्म नांव-गांव विचारतो, काहूटसारखी प्रश्नमंजूषा उत्तराची वाट पाहते, पॅडलेटच्या फळ्यावर वर्गांतील चाळीस मुलें एकदम लिहितात, आणि यंत्रबुद्धीचा मदतनीस तर माणसासारखा गप्पाच मारतो. हा बोलकेपणा हाच त्यांचा गुण. परंतु जो बोलतो तो ऐकतोहि, आणि हीं साधनें जें ऐकतात तें बहुधा लिहून ठेवतात. पुस्तक आणि बोलकें साधन यांतील खरा भेद हा आहे.

असें आहे तर मोबाइल कपाटांत असलेलाच बरा, असें कोणी म्हणेल. वैजापूरच्या माणसानें तरी तसें म्हणूं नये, असें आम्हांस वाटतें. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्यें निघालें, तें दूर हैदराबादेस, आणि त्याचें माध्यम उर्दू. औरंगाबादेस इंटरमीजिएट कॉलेज निघालें तें १९२३ मध्यें. मराठवाड्यास स्वतःचें विद्यापीठ मिळण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. ज्या पिढीस विद्येसाठीं गांव सोडावें लागलें, आणि पुष्कळांस गांव सोडतां न आल्यामुळें विद्याच सोडावी लागली, त्यांच्या नातवंडांस आज ओसरीवर बसून जगांतील उत्तम शिक्षकाचा पाठ ऐकावयास मिळतो. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर चौकटी जोडून मुलांस बोलते धडे दिले. डिसेंबर २०२० मध्यें त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्याची अर्धी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. एका खेड्यांतील शाळेनें हें साधलें. विहिरींत मूल पडेल म्हणून कोणी विहीर बुजवीत नाहीं. तिला कठडा बांधतात आणि मुलास पोहावयास शिकवितात.

हा कठडा कसा बांधावा, तें आतां पाहूं.

पहिली गोष्ट, किल्ली आपली आपल्याजवळ. अर्ज दुकानांत भरावा लागला तरी नंबर घरचाच द्यावा, पासवर्ड विद्यार्थ्यानें स्वतः टंकावा, आणि ओटीपी नांवाचा जो सहा अंकी निरोप येतो तो मोठ्यानें वाचून न दाखवितां आपल्या बोटांनीं घालावा. परक्या संगणकावर 'पासवर्ड लक्षांत ठेवूं का?' असा प्रश्न आल्यास नकार द्यावा. काम संपल्यावर खात्यांतून बाहेर पडावें. गुणपत्रिका, आधारपत्र इत्यादिकांच्या प्रती तेथें राहिल्या असतील तर त्या आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्याव्यात. आणि घरीं येतांच पासवर्ड बदलावा. पासवर्ड लांब असावा, जन्मतारीख किंवा टोपणनांव नसावें, आणि एक पासवर्ड दोन ठिकाणीं नसावा. एकाच किल्लीनें घर, दुकान आणि तिजोरी उघडत असेल, तर ती हरवल्यावर तिन्हीं जातात.

दुसरी गोष्ट, दार ओळखावें. सरकारी कामाच्या पत्त्याच्या शेवटीं बहुधा 'जीओव्ही डॉट इन' हीं अक्षरें असतात. शिक्षणसंस्थांच्या पुष्कळ पत्त्यांच्या शेवटीं 'एसी डॉट इन' असतें. पत्त्याशेजारीं दिसणारें छोटें कुलूप पाहून पुष्कळ जण निश्चिंत होतात. त्या कुलुपाचा अर्थ एवढाच कीं वाटेंत कोणी आपलें पत्र फोडणार नाहीं. पत्र ज्याला पोहोंचतें तो साव कीं चोर, हें कुलूप सांगत नाहीं. 'शिष्यवृत्ति मंजूर झाली, नोंदणीसाठीं थोडी रक्कम भरा', 'निकाल पाहण्यासाठीं ही फाइल बसवा', अशा निरोपांतील दुवा उघडूंच नये. विशेषतः ज्या फाइलीच्या नांवाच्या शेवटीं 'एपीके' असतें, ती निकाल किंवा लग्नपत्रिका नसून मोबाइलमध्यें बसणारा एक कार्यक्रम असते. एकदां आंत शिरल्यावर ती ओटीपीसुद्धां वाचूं शकते.

तिसरी गोष्ट, मागितलें तेवढें सगळें देऊं नये. प्रश्नमंजूषेस टोपणनांव पुरतें; तिला जन्मतारीख कशाला? सामायिक फळ्यावर लिहिण्यापूर्वीं तो वर्गापुरता आहे कीं साऱ्या जगास उघडा आहे, हें शिक्षकांस विचारावें. शाळेचा बिल्ला लावलेलें छायाचित्र मुलाचें नांव न सांगतां गांव सांगतें. आणि येथें वडीलधाऱ्यांनींहि आपल्याकडे पाहिलें पाहिजे. दहावीचा निकाल लागला कीं कौतुकानें गुणपत्रिकेचें चित्र नातेवाइकांच्या गटावर कोण टाकतें? आपणच. आसनक्रमांक आणि आईचें नांव या दोन गोष्टींवर मुलाचा निकाल कोणासहि पाहतां येतो, आणि गुणपत्रिकेवर त्या दोन्हीं छापलेल्या असतात.

जें दिलें तें घेणाऱ्यापाशीं सुरक्षित राहीलच, असेंहि नाहीं. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें मे २०२२ मध्यें ४९ देशांच्या सरकारांनीं साथीच्या काळांत पुरस्कारिलेल्या शैक्षणिक साधनांची पाहणी प्रसिद्ध केली. दहांपैकीं जवळजवळ नऊ साधनें मुलांची माहिती अशा रीतीनें हाताळीत होतीं कीं त्यांच्या हक्कांस धोका पोहोंचावा, असें तींत आढळलें. आपल्याकडील उदाहरण हवें असेल तर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचें घ्या. ३० एप्रिल २०२३ च्या संयुक्त पूर्वपरीक्षेच्या आधीं नव्वद हजारांहून अधिक उमेदवारांचीं प्रवेशपत्रें टेलिग्रामवरील एका गटांत उघडीं पडलीं. परीक्षा ठरल्या दिवशीं पार पडली. परंतु पुढें तपासांत ज्यास अटक झाली तो पुण्याकडील अवघा एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थीच होता. यांत उमेदवारांचा दोष कांहींच नव्हता. म्हणूनच आम्ही म्हणतों कीं जें देणें अटळ आहे तें द्यावें, आणि जें टाळतां येतें तें टाळावें. जें दिलेंच नाहीं तें फुटत नाहीं.

चवथी गोष्ट, अभ्यासाची खोली आणि तिजोरी वेगळी असावी. एकत्र कुटुंबांत पुष्कळदां एकच मोबाइल दुपारीं नातवाची शाळा असतो आणि रात्रीं आजोबांची बँक. ज्या हातांत प्रश्नमंजूषा चालू आहे त्याच हातांत बँकेचा ओटीपी येऊन पडतो. दुसरा मोबाइल घेणें परवडत नसेल तर निदान पैशाच्या कार्यक्रमांस वेगळें कुलूप असावें, आणि त्याचा आकडा मुलांस ठाऊक नसावा. यांत मुलांवर अविश्वास नाहीं. त्यांच्यावर नको तें ओझें पडूं नये, एवढाच हेतु आहे.

पांचवी गोष्ट, यंत्रबुद्धीच्या मदतनिसाविषयीं. याची भाषा इतकी सफाईदार असते कीं चूक उत्तरहि बरोबर वाटतें. तो अडखळत नाहीं, म्हणून तो खरें बोलतो असें नव्हे. त्याचें उत्तर पाठ्यपुस्तकाशीं व शिक्षकांशीं ताडून पाहावें. चॅटजीपीटीच्या नियमांप्रमाणें तेरा वर्षांखालील मुलांस तें वापरण्याची मुभा नाहीं, आणि अठरा वर्षांपर्यंत पालकांची संमति लागते. हें किती घरांत ठाऊक आहे? मुलें एकटीं असलीं कीं घरांतील भांडणें, आजार, मनांतील भीति हें सारें त्याच्यापुढें ओततात. त्याला सांगितलेलें कोठें व किती दिवस साठतें, तें त्या साधनाच्या नियमांवर व आपण निवडलेल्या पर्यायांवर अवलंबून असतें. जें दिंडी दरवाज्यावर लिहावेंसें वाटणार नाहीं, तें तेथेंहि लिहूं नये.

सहावी गोष्ट, अनोळखी माणसाची. अभ्यासाच्या गटांतून जो एकान्ताच्या गप्पांकडे नेतो, मग छायाचित्र मागतो, आणि 'घरीं सांगूं नकोस' म्हणतो, तो कोण हें शोधीत बसण्याचें कारण नाहीं. 'घरीं सांगूं नकोस' हे शब्दच पुरेसे आहेत. चांगल्या माणसास मुलाकडून गुप्ततेची गरज पडत नाहीं.

कायद्यानेंहि या बाबतींत पाऊल टाकलें आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीस मूल मानलें असून, तिची माहिती घेण्यास आईबापांची पडताळतां येईल अशी संमति आवश्यक ठरविली आहे, आणि मुलांच्या मागावर राहून त्यांस हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. शिक्षणसंस्थांस कांहीं सवलती आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि मुख्य तरतुदी अमलांत येण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. कायदा चांगला, परंतु संमतीचें बटन अखेर घरांतलेंच कोणी तरी दाबणार. न वाचतां दाबलेल्या बटनास कायदा काय करणार?

इतकें करूनहि कधीं चूक होतेच. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. पहिल्या कांहीं तासांत पैसे वाटेंतच अडविण्याची शक्यता अधिक असते. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर देतां येतात, आणि मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा क्रमांक आहे. घाबरून संभाषण पुसून टाकूं नये. तोच पुरावा असतो. परंतु हे सारे क्रमांक उपयोगी पडावयाचे तर मुलानें आधीं घरांत तोंड उघडलें पाहिजे. तेथेंच सारें अडतें.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या खेड्यांत ऑगस्ट २०२२ पासून एक रीत सुरू झाली. संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजावा, आणि दीड तास घरोघरीं दूरदर्शन व मोबाइल बंद राहावेत. मुलांनीं वाचावें, लिहावें. मोठ्यांनींहि तोच नियम पाळावा. या रीतींत आम्हांस मोठें मोल वाटतें तें बंदीचें नव्हे. नियम सर्वांस सारखा, हें त्याचें मोल. जेथें वडील जेवतांना मोबाइल पाहतात आणि मुलास मात्र उपदेश करतात, तेथें मूल उपदेश ऐकतें, पण मनांतलें सांगत नाहीं.

आमच्या भगिनीच्या घरीं भोंगा नाहीं. परंतु त्या प्रसंगानंतर तात्यांनीं रात्रीच्या जेवणानंतर सर्वांस एकत्र बसवून एक नियम सांगितला. तात्या पेशानें शिक्षक, बोलणें मोजकें. ते म्हणाले, "या घरांत जो आपण होऊन सांगेल त्यास शिक्षा नाहीं. चूक त्याची असली तरी नाहीं. आणि मागच्या वर्षीं आपण मुलीवर अन्याय केला, तो माझ्या संमतीनें झाला." थोरले काका कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनींच भाचीस हांक मारून आपल्या मोबाइलवरील एक संशयास्पद निरोप दाखविला आणि विचारलें, "हें खरें कीं खोटें, बघ ग." वाचकहो, घराची सुरक्षितता त्या क्षणीं जितकी वाढली, तितकी ती कोणत्याहि कुलुपानें वाढली नसती.

भाचीस तिच्या पहिल्या पसंतीच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि यादीचा निरोप घरच्या मोबाइलवर आला. पुढें नोव्हेंबरांत आम्ही पुन्हां वैजापुरास गेलों, तेव्हां तात्यांचा हयातीचा दाखला मोबाइलवरून भरण्याचें काम ओसरीवर चाललें होतें. भाची शेजारीं बसून एकेक पायरी सांगत होती. ओटीपी आला. तात्यांनीं चष्मा सारखा केला आणि एका बोटानें सावकाश अंक दाबूं लागले. तेवढा वेळ ती मुलगी तोंड फिरवून अंगणाकडे पाहत बसली होती.